समुपदेशक कोणास म्हणावे?

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. एक जुन्नर तालुक्यातल्या महाविद्यालयात शिकवतो, दुसरी आंबेगावात. शब्दाचा वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यात आमची वीस-बावीस वर्षे गेली. एक शब्द मात्र इतकी वर्षे डोळ्यांसमोर असूनही आम्ही कधी तपासला नव्हता. जिन्याखालच्या एका खोलीच्या दारावर तो पाटीच्या रूपाने लटकत होता: 'समुपदेशन कक्ष'. आत एक टेबल, दोन खुर्च्या, क्रीडा विभागाची व्हॉलीबॉलची जाळी आणि एक नोंदवही. नॅकची समिती यायची असली की जाळी बाहेर जाते, फुलदाणी आत येते आणि विद्यार्थी-साहाय्याचा रकाना भरतो. समिती गेली की जाळी परत येते. हे चित्र एकाच महाविद्यालयाचे आहे असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. आमच्या ओळखीतल्या बहुतेक प्राध्यापकांनी ते हसत हसत आपल्याही घरचे म्हणून ओळखले आहे.

एका वर्षी कार्यभारात तासिका कमी भरल्या, म्हणून या कक्षाचे समन्वयकपद आमच्यापैकी एकीकडे आले. दोन दिवसांची कार्यशाळा झाली, प्रमाणपत्र मिळाले आणि पुढच्या सोमवारपासून मराठीच्या प्राध्यापिका समुपदेशक झाल्या. त्या पावसाळ्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षातली एक मुलगी त्या खोलीत आली. झोप लागत नाही, पुस्तक उघडले तरी अक्षरे नुसती दिसतात, घरात कोणाशी बोलावेसे वाटत नाही, असे ती सांगत होती. मग खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, हे कोणाला सांगणार नाही ना?" आम्ही म्हणालो, "छे, कोणाला नाही." पुढचा अर्धा तास आम्हीच बोलत होतो. मन घट्ट करायला सांगितले, सावित्रीबाईंचे उदाहरण दिले, आईवडिलांच्या कष्टांची आठवण करून दिली. ती हो म्हणत राहिली. संध्याकाळी आम्हालाच काळजी वाटू लागली, म्हणून आपसांत चर्चा केली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना फोन करून 'मुलीकडे जरा लक्ष द्या' असे सांगितले. तिसऱ्या दिवशी वडील आले आणि कार्यालयातून तिचा दाखला घेऊन गेले. ती पुन्हा दिसली नाही. दिवाळीनंतर तिचे लग्न झाल्याचे तिच्या मैत्रिणीकडून कळले.

आमचा हेतू वाईट नव्हता. परंतु कवीचा हेतू हा कवितेच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे आम्हीच वर्गात शिकवतो. मग स्वतःच्या कृतीला वेगळा निकष कसा लावणार? प्रशिक्षित माणसाने त्या खोलीत काय केले असते हे आम्ही नंतर वाचून आणि विचारून समजून घेतले. बोलणे सुरू होण्यापूर्वीच त्याने गुप्ततेची मर्यादा स्पष्ट केली असती: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला कोणाची तरी मदत घ्यावी लागेल, आणि ती कोणाची घ्यायची हे आपण दोघे मिळून ठरवू. मरणाचे विचार येतात का, हे त्याने न बिचकता विचारले असते. वडील, आई, मावशी की मैत्रीण, घरात तिला आधाराचे माणूस कोणते, हे तिच्याकडूनच जाणून घेतले असते. गरज पडली असती तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले असते. मुख्य म्हणजे तो कमी बोलला असता.

हा प्रसंग आम्ही कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही. आम्हाला छळणारा प्रश्न निराळा आहे. त्या मुलीला आमच्याविरुद्ध तक्रार करायची असती तर ती कोणाकडे केली असती? डॉक्टर चुकला तर वैद्यक परिषद आहे, वकील चुकला तर वकील परिषद आहे. समुपदेशक म्हणवणारा चुकला तर त्याला जाब विचारणारी जागाच नाही, कारण समुपदेशक म्हणजे कोण, हे सांगून त्याची नोंद ठेवणारी यंत्रणा आपल्याकडे अजून उभी राहिलेली नाही. समुपदेशनाच्या व्यवसायासाठी कायद्याची मागणी करणे म्हणजे त्या व्यावसायिकांच्या मानमरातबाची मागणी करणे, असा आमचाही पूर्वी समज होता. त्या प्रसंगानंतर तो गेला. ही मागणी मुळात त्या मुलीची आहे.

कायदा हीसुद्धा एक संहिता असते आणि संहिता वाचण्याची थोडीफार सवय आम्हाला आहे. बोलणारा कोण, तो कोणाविषयी बोलतो, कोणाचे नाव घेतो आणि कोणाचे गाळतो, एवढे पाहिले तरी बरेच उलगडते. १९१२ च्या कायद्याचे नावच 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' होते. त्यातला माणूस 'ल्युनॅटिक', म्हणजे वेडा, होता आणि समाजाला त्याच्यापासून वाचवणे हा कायद्याचा मुख्य स्वर होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो आजारी माणूस झाला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला आणि त्यात तो हक्क असलेला नागरिक झाला. या कायद्याच्या घडणीत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राच्या डॉ. सौमित्र पठारे यांचा महत्त्वाचा सहभाग होता, हे आपल्या जिल्ह्याने लक्षात ठेवावे असे आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत, ही भूमिका याच कायद्याच्या कलम ११५ ने घेतली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडविधानातले कलम ३०९ उरलेलेच नाही. 'वेडा' या शब्दापासून 'हक्क' या शब्दापर्यंत यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आता याच कायद्यातली व्याख्या पाहू. 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोणाला म्हणायचे? मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका, मनोविकार क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते, तसेच आयुर्वेद, होमिओपथी, युनानी आणि सिद्ध या शाखांतले संबंधित पदव्युत्तर पदवीधर. यादी इथे संपते. समुपदेशक तीत नाही. आणि हे गाळणे निरुपद्रवी नाही. याच कायद्याच्या कलम ३१ ने शासनावर एक जबाबदारी टाकली आहे: मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत प्रयत्न करायचे. ती मुदत २०२८ मध्ये संपते. ज्याचे नाव व्याख्येत नाही त्याची मोजणीही त्या उद्दिष्टात होत नाही. त्यामुळे उद्या एखाद्या तालुक्यात दहा उत्तम समुपदेशक असले काय आणि एकही नसला काय, या हिशेबाला फरक पडणार नाही.

दुसरी गंमत अशी की समुपदेशन करण्याचा आदेश मात्र कायदे मुबलक देतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवला की पलीकडे समुपदेशकच बोलतो. २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा, असे त्यांत म्हटले आहे. योग्य कायदा किंवा नियमव्यवस्था होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक राहतील, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे खुद्द न्यायालयही विधिमंडळाची वाट पाहत आहे. आणि सगळी मेख 'पात्र' या एका विशेषणात आहे. पात्र कोण? आमच्या दोन दिवसांच्या प्रमाणपत्राने आम्हीही पात्र ठरू. आणि ठरवले जाऊ, ही आमची भीती आहे. अनुदानित संस्थेत नवे पद मंजूर होणे किती दुर्घट असते हे आपण जाणतोच. तेव्हा जिन्याखालच्या खोल्यांची संख्या वाढेल, पाट्या नव्या रंगवल्या जातील आणि न्यायालयाच्या आदेशाचे पालन झाल्याचा अहवाल वर जाईल.

२०२१ मध्ये एक संधी आली. सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा संसदेने केला. त्याच्या परिशिष्टातल्या दहा गटांपैकी एका गटात मानसशास्त्रज्ञ, वर्तन-आरोग्य समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि मानसिक आरोग्य साहाय्यक यांची नावे प्रथमच आली. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून नोंद होण्यासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण, अशी अटही घातली गेली. आमचे दोन दिवस म्हणजे फार तर बारा तास. तुलना वाचकांनीच करावी. परंतु हाच गट काळजीपूर्वक वाचला की विचित्र वाटू लागते. त्यात पर्यावरण संरक्षण अधिकारी आहे, परिसरतज्ज्ञ आहे, मधुमेहाविषयी शिकवणारा आहे, स्तनपानाचा सल्ला देणारा आहे, एचआयव्ही समुपदेशक आहे. मनाच्या आजाराविषयी बोलणारा आणि आहाराविषयी बोलणारा यांना एका ओळीत बसवणारी ही वर्गवारी आधी नाव आणि मग अर्थ अशा क्रमाने झालेली दिसते. दुसरीकडे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडेच राहतात. एकाच खोलीत चालणाऱ्या कामाच्या किल्ल्या अशा दोन कार्यालयांत वाटल्या गेल्या आहेत. शिवाय या कायद्याचा खरा संसार राज्य परिषदांनी करायचा आहे. नोंदवह्या त्यांनी ठेवायच्या, तक्रारी त्यांनी ऐकायच्या. त्या परिषदा सहा महिन्यांत स्थापन व्हाव्यात असे कायदा सांगत होता. पुढे काय झाले? राज्यांच्या दिरंगाईमुळे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांना पुन्हा मुदत घालून द्यावी लागली.

हा सगळा शहरी लोकांचा विषय आहे, असे कोणी म्हणेल. आमच्याकडे शिवनेरी आहे, लेण्याद्री आणि ओझरचे गणपती आहेत, टोमॅटोचा बाजार आहे, नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या आहेत. या मातीत मनाचे आजार कुठले, असे कौतुकाने विचारणारे पाहुणे आम्हाला दर वर्षी भेटतात. त्यांना आम्ही माळीणला घेऊन जाऊ इच्छितो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या या गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. रोज येणाऱ्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला बातमी कळली. २०१७ मध्ये नव्या जागी नवी घरे मिळाली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ मध्ये किमान मदतीची यादी आहे: निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय मदत, स्वच्छता, विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतूद. यादी चांगली आहे, आवश्यकही आहे. मनाला आधार देण्याविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या. परंतु सूचना माणसे नेमत नाहीत. त्या खोऱ्यातली मुले आमच्या वर्गात बसतात. जुलैमध्ये पाऊस लागून राहिला की त्यांचे लक्ष खिडकीकडे जाते आणि तास संपेपर्यंत परत येत नाही. अशा वेळी फळ्यावर लिहिलेला अलंकार कोणता हे त्यांना विचारण्याचे धैर्य आम्हाला होत नाही, आणि दुसरे काय विचारावे हे आम्हाला शिकवलेले नाही.

बिबट्याचेही तेच. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत, ऊस आला, धरणांचे पाणी आले आणि त्या उसात बिबट्याने संसार थाटला. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. पकडलेल्या, जखमी झालेल्या बिबट्यांची तिथे शुश्रूषा होते, आणि ती व्हायलाच हवी. हल्ल्यात माणूस दगावला तर वारसांना २५ लाख रुपये मिळतात. पण ज्या मुलाच्या डोळ्यांदेखत लहान भावाला उसात ओढून नेले गेले, जी बाई त्यानंतर अंधार पडल्यावर अंगणात पाय ठेवू शकत नाही, त्यांच्यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. आमच्या भागात एक कडवट वाक्य ऐकू येते: बिबट्याला डॉक्टर आहे, आम्हाला नाही. वाक्य बिबट्यावर अन्याय करणारे असेल, पण त्यातली वेदना नाकारता येत नाही.

अंतराचा मुद्दा यात फार निर्णायक आहे. कोणालाही उपचारासाठी लांब प्रवास करावा लागू नये, असे २०१७ चा कायदा कलम १८ मध्ये म्हणतो आणि किमान सेवा प्रत्येक जिल्ह्यात असावी, असेही त्याच कलमात सांगतो. म्हणजे मोजमापाचे एकक जिल्हा. पुणे जिल्ह्यात सेवा आहे का? आहे, येरवड्याचे मनोरुग्णालय आहे, शहरात नावाजलेले तज्ज्ञ आहेत. कागदावर जुन्नरची आणि आंबेगावची सोय झाली. प्रत्यक्षात जुन्नर ते पुणे हे अंतर ९० ते ९५ किलोमीटर आहे आणि भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीतून निघालेल्या माणसाला मंचरला पोहोचेपर्यंतच निम्मा दिवस लागतो. हिरडा गोळा करून घर चालवणाऱ्या बाईने दर पंधरवड्याला रोज बुडवून, गाडीभाडे खर्चून 'बोलण्यासाठी' पुण्याला जावे, अशी अपेक्षा कायदा लिहिणाऱ्यांचीही नसेल. ती जवळच्या भगताकडे जाते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारझोड गुन्हा ठरवली, हे योग्यच झाले. परंतु एक दार बंद करताना दुसरे उघडावे लागते. त्या बाईला ऐकून घेणारे माणूस हवे होते. ते भगताच्या दारात तिला कसेबसे मिळत होते. आता कायद्याने मिळेल असे माणूस कुठे आहे?

त्या जादूटोणाविरोधी कायद्याचा इतिहास आम्हाला दुसऱ्या कारणासाठीही आठवतो. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी जवळजवळ अठरा वर्षे विधिमंडळाच्या पायऱ्या चढत राहिले. मसुदे बदलले, सरकारे बदलली, गैरसमज पसरवले गेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. समाजाच्या मनाशी संबंधित कायदा मागणे किती चिवटपणाचे काम आहे, हे यावरून कळते. बाहेरचा अनुभवही निराळा नाही. अमेरिकेत समुपदेशकांना परवाना देणारा पहिला कायदा व्हर्जिनिया राज्याने १९७६ मध्ये केला. शेवटचे राज्य, कॅलिफोर्निया, २००९ मध्ये त्या रांगेत आले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ३३ वर्षे. प्रत्येक राज्यात समुपदेशकांच्या संघटनांनी व्याख्या काय असावी, किती तास प्रशिक्षण असावे, चूक झाल्यास काय व्हावे, यांवर वर्षानुवर्षे वाद घातले. वाद घातल्यामुळेच त्या शब्दाला अर्थ आला.

आपल्या भाषेतला एक दाखला तर साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरूच नये. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. वाचकांच्या खाजगी, लज्जेने दडपलेल्या प्रश्नांना त्यांनी उपदेश न करता, थट्टा न करता, माहितीच्या आधारे उत्तरे दिली. मराठीतले हे पहिले जाहीर समुपदेशन म्हणता येईल. त्याबद्दल त्यांना काय मिळाले? अश्लीलतेचे खटले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, खटला हरला. त्या काळच्या कायद्याला कर्व्यांच्या उत्तरांत फक्त अश्लीलता दिसली, कारण सल्ला देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाते ओळखणारी संज्ञाच त्याच्यापाशी नव्हती. आजही ती पुरेशी नाही. फरक इतकाच की तेव्हा जाणकार माणसाला शिक्षा झाली आणि आज अजाण माणसाला मोकळीक आहे.

शब्दाचीही जबाबदारी आहे. 'समुपदेशन' हा शब्द घडवणाऱ्यांनी उपदेशाला 'सम्' जोडले, पण आमच्या कानाला फक्त 'उपदेश' ऐकू आला. रामदासांचे २०५ 'मनाचे श्लोक' पिढ्यान्‌पिढ्या पाठ करणारा हा समाज आहे. त्यांतले संबोधन स्वतःच्या मनाला आहे, हे विसरून आपण ते दुसऱ्याच्या मनाला ऐकवायची सवय लावून घेतली. त्या मुलीसमोर आम्ही अर्धा तास हेच केले. शब्द बदलावा असा आमचा आग्रह नाही; रूढ झालेला शब्द हाकलून लावता येत नाही. पण कायद्यात त्याची व्याख्या होईल, तेव्हा त्यात 'ऐकणे' हे क्रियापद यावे, एवढे मराठीच्या शिक्षकांनी सांगायला हरकत नाही.

या मागणीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. परवाना आला की पदवी येते, पदवी आली की शुल्क येते, आणि मग हे काम शहरातल्या सधन घरांतल्या मुलामुलींपुरते उरते. गोव्यात 'संगत' या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण पद्धतशीर प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांमुळे नैराश्याच्या आणि चिंतेच्या रुग्णांना लक्षणीय फायदा झाल्याचे त्यातून दिसले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या उपक्रमाने गावातल्याच स्त्री-पुरुषांना हे काम शिकवले. या माणसांना कायद्याने उद्या बेकायदा ठरवले तर तोटा जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांचाच होईल. पुण्याच्या बापू ट्रस्टसारख्या संस्थांनी तर वैद्यकीय चौकटीचाच विस्तार होत जाण्याविषयी सातत्याने प्रश्न विचारले आहेत.

हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, परंतु त्यातून निघणारा 'म्हणून कायदा नको' हा निष्कर्ष मान्य नाही. गोव्यातल्या त्या समुपदेशकांकडे पाहिले तर त्यांना नेमून दिलेले काम होते, मर्यादा होत्या, वर देखरेख करणारे तज्ज्ञ होते आणि अवघड रुग्ण कोणाकडे पाठवायचा हे ठरलेले होते. आमच्या खोलीत यांतले एकही नव्हते. म्हणून कायद्याने पदवीपेक्षा रचनेकडे पाहावे. पूर्ण प्रशिक्षित, नोंदणीकृत समुपदेशक हा एक स्तर. त्याच्या देखरेखीखाली काम करणारे गावपातळीवरचे साहाय्यक हा दुसरा. २०२१ च्या परिशिष्टात 'मानसिक आरोग्य साहाय्यक' हे नाव आहेच. त्याला अर्थ देणे बाकी आहे. दोन्ही स्तरांना गुप्ततेचे बंधन आणि दोघांविरुद्धही दाद मागण्याची सोय हवी.

तेव्हा मागण्या थोडक्या आणि स्पष्ट असाव्यात. एक, २०२१ च्या कायद्याखालील राज्य परिषदेने समुपदेशकांची नोंदवही कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी आणि तक्रारीची पद्धत मराठीतून जाहीर करावी. दोन, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातल्या 'पात्र' या शब्दाचा अर्थ राज्याने नियमांद्वारे निश्चित करावा आणि इतर विषयांच्या शिक्षकाला अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रावर या पदावर बसवता येणार नाही, असे त्यात लिहावे. तीन, २०१७ च्या कायद्यातल्या व्यावसायिकांच्या व्याख्येत नोंदणीकृत समुपदेशकाचा समावेश व्हावा. चार, सेवेचे एकक जिल्हा न राहता तालुका असावे आणि निदान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक पद असावे. लहान शाळा-महाविद्यालये त्याच्याशी जोडता येतील.

हे कोणी मागायचे? इथे आम्हा प्राध्यापकांना पळवाट नाही. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतल्या ७८ जागांपैकी सात शिक्षकांच्या आणि सात पदवीधरांच्या मतदारसंघांतून भरल्या जातात. सामान्य नागरिकाला विधानसभेसाठी एकच मत असते. आमच्यासारख्यांना त्याखेरीज ही दोन्ही मते मिळतात. ही मते मागायला उमेदवार आमच्या स्टाफरूममध्ये येतात. आम्ही त्यांना आजवर काय विचारले? वेतन आयोगाची थकबाकी आणि जुनी निवृत्तिवेतन योजना. दोन्ही प्रश्न न्याय्य आहेत. पण जिन्याखालच्या खोलीविषयी आम्ही एकदाही विचारले नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अशासकीय विधेयक ही साधने याच सभागृहात उपलब्ध आहेत. पुढच्या वेळी उमेदवार चहाला येतील तेव्हा या चार मागण्यांचा कागद त्यांच्या हाती द्यायचे आम्ही ठरवले आहे. आमच्या वाचकांत शिक्षक बहुसंख्य आहेत. त्यांनीही तसे करावे.

दरम्यान आम्ही एक छोटी गोष्ट केली. कक्षाच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे की येथे बसणारी व्यक्ती प्रशिक्षित समुपदेशक नाही. ती तुमचे ऐकून घेईल, जिवाला धोका वाटल्याखेरीज ते बाहेर सांगणार नाही, आणि तुम्ही म्हणाल तर १४४१६ वर फोन लावून देईल. नॅकच्या दृष्टीने हे पान अडचणीचे आहे, असे सहकारी म्हणतात. ते आम्ही फाडलेले नाही. दारावरची पाटी उतरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. तिच्यावरचा शब्द खरा व्हावा, एवढेच मागणे आमच्या हाती आहे.